तिरकी मान

३ ऑक्टोबर, सोमवार

ही वही पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे. नवरा स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा येतो, पाण्याचा ग्लाससुद्धा विचारून घेतो, तेव्हा तिथे ती सुखरूप राहील. खोलीतली गोष्ट खोलीबाहेर जाता कामा नये अशी साहेबांची तंबी आहे. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून कागदावर.

तपासणीच्या खोलीत काहीतरी पसरतंय आणि मला भीती वाटते आहे.

आमचं काम असं. इंजेक्शनच्या भरलेल्या कुप्या खालच्या मजल्यावरून ट्रेमधून येतात. खोलीतल्या बायका एकेक कुपी दिव्याखाली धरतात, हलकेच फिरवतात, आधी काळ्या पाटीसमोर आणि मग पांढऱ्या. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. केस, धागा, काचेचा बारीक तुकडा, काहीही दिसलं की कुपी बाद. कुपीतलं औषध कुणाच्या तरी दंडात जायचं असतं. मला शिकवताना मावशी म्हणायच्या, "आपल्याच लेकराला टोचणार आहेत असं समजून बघ, पोरी."

मावशी खोलीतल्या सगळ्यात जुन्या. सख्ख्या कुणाच्याच नाहीत, पण मावशी सगळ्यांच्या. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून म्हातारी झाले असते, पण या उन्हाळ्यात साहेबांनी मला सुपरवायझर केलं. त्यांना नाही, मला. कानामागून आली नि तिखट झाली, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या फक्त मला "मॅडम" म्हणायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर आज. हसरीच्या मागे उभी होते. (ही मावशींच्या शेजारी बसते, माझ्या जुन्या जागेवर. मावशी बोलल्या की हिचे दात दिसतात, म्हणून हसरी.) तिने कुपी उचलली आणि तिची मान डावीकडे वळली. वळली म्हणजे हिसका बसल्यासारखी. हनुवटी वर, डोळ्यांची उघडझाप, मग मान सरळ. पुढची कुपी, पुन्हा तेच. मी म्हटलं, "मान आखडली का गं?" तर म्हणाली, "कुणाची?"

तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या पलीकडे लांबी बसते, ताडमाड उंच. तीही तेच करत होती. आणि मावशींना तर आहेच. त्यांना कधीपासून आहे ते आता मला आठवेना.

तिघी. एकाच ओळीत.

५ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "नाटकं आहेत. काम चुकवायचं नवीन तंत्र." मग ट्रेमधल्या खोट्या कुप्यांचा आकडा मागितला. आम्ही मुद्दाम काही खराब कुप्या, ज्यांच्यावर आमची अदृश्य खूण असते, चांगल्यांत मिसळतो. डोळे जागे आहेत ना ते कळतं. या वेळी त्यातल्या काही सुटल्या. मावशींच्या ट्रेमधून सर्वात जास्त. मावशींच्या! ज्यांना वाळूतून साखर वेगळी करता येईल त्यांच्या!

साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत कारण शोधा. नाहीतर खोली बंद. कॅमेऱ्याचं मशीन येऊ घातलंच आहे, त्याला मान नसते."

हसावं की रडावं कळेना. एवढं मात्र खरं की साहेब दिवसातून दोनदा खोलीत येतात, तिथली हवा खातात, आणि त्यांची मान खांबासारखी ताठ आहे. आजारसुद्धा माणूस बघून येतो बहुतेक.

मला वाटतं हे साबणाचं आहे. ट्रे धुवायला नवीन द्रव आलाय, त्याचा वास टाळूला चिकटतो.

६ ऑक्टोबर, गुरुवार

द्रव बदलून घेतला. सुपरवायझरच्या ओळखपत्रासाठी फोटो काढून घेतला. फोटोवाला अगदीच बावळट. स्टूल वाकडं ठेवलंय स्वतःनेच, आणि मला सारखा सांगतोय, "मॅडम, मान सरळ. मॅडम, इकडे बघा, इकडे." शेवटी मी त्याला झापलं. फोटोत मी चोरासारखी दिसते.

११ ऑक्टोबर, मंगळवार

द्रव नव्हे. जिन्याची सफाई करणारी आमच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिला परवानगीच नाही. आज ती जिन्यात फरशी पुसत होती, आणि पिळलेलं फडकं बघताना तिची मान हिसकली. तशीच. डावीकडे.

खोलीबाहेर गेलं म्हणजे हवेतून गेलं. जाऊन गेट बंद करावंसं वाटलं, पण कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला बाहेर?

मग बसून नीट विचार केला. ही सफाईवाली आणि आमच्या बायका कुठे एकत्र येतात? चहाला! जिन्याखालच्या बाकावर मावशी सगळ्यांना आपल्या थर्मासमधला चहा देतात. साहेब तो पीत नाहीत. मीही सुपरवायझर झाल्यापासून पीत नाही, म्हणजे मला कुणी बोलावत नाही. आणि नवीन आलेली पोरगी, जिला सगळ्या नवीच म्हणतात, ती डबा घेऊन एकटी बसते. तिला काही नाही. मला काही नाही.

चहाच असणार. थर्मास आतून फुटला असेल, गंज असेल, देव जाणे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

चहा बंद केला. मावशींच्या हातातून थर्मास मागून घेतला. वाटलं होतं भांडतील. नाही. त्यांनी झाकणात उरलेला चहा ओतला, तो अर्धा झाकणाबाहेर बाकावरच सांडला, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "घ्या मॅडम. तुमचं समाधान होऊ दे."

मी म्हटलं, "मावशी, तुमच्याच जिवासाठी करतेय."

त्या म्हणाल्या, "माझ्या जिवाचं तुम्हाला काय आहे ते मी बघतेच आहे रोज."

असं का बोलल्या? काय बघतात? वर जाताना रागाच्या भरात त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. ह्याच चौकटीवर परवाही आपटला होता. राग माणसाला आंधळं करतो म्हणतात ते खोटं नाही.

थर्मास प्रयोगशाळेत दिला. तिथला माणूस हसला. हसू दे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

थर्मासमध्ये चहा आढळला. एवढंच.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

चहा बंद केल्यापासून जास्त झालंय. आधी कुपी बघताना व्हायचं, आता बोलतानाही. बायका माझ्याकडे बघत नाहीत, घोळक्याने येतात, घोळक्याने जातात, आणि घोळक्यात मान एकीची हलली की सगळ्यांची हलते. मी दारात उभी राहिले की कुजबूज थांबते. आज लांबी रडली. "मॅडम, आम्ही मरणार का?" मी तिला काय सांगू? मीच घाबरले आहे असं सुपरवायझरने सांगायचं नसतं.

घरी पोचले तर नवरा म्हणाला, "अशी तिरकी काय बघतेस? काय केलं मी?" मी काहीच बघत नव्हते. ह्याला स्वतःचा अपराध आधी आठवतो. चोराच्या मनात चांदणं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

कमाल झाली. टेबलांच्या मध्ये खोक्यांचे पुठ्ठे उभे केले, माझी कल्पना, एकमेकींचा श्वास एकमेकींना लागू नये म्हणून. दुपारभर एकीचीही मान हलली नाही! हसरीची नाही, लांबीची नाही. (मावशींची चालूच होती, पण त्यांना जुनं आहे.) म्हणजे हवेतलंच काहीतरी आहे आणि ते पुठ्ठ्याने अडतं. नाचावंसं वाटलं.

मग सुट्टी झाली, सगळ्या जिन्यात एकत्र आल्या, मावशींनी विचारलं, "काय गं, जेल कसा वाटला?" आणि झालं. हिसका, हिसका, हिसका. ओळीने.

असला कसला वायू, जो पुठ्ठ्याने अडतो आणि जिन्यात वाट बघत बसतो?

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

नवीला झालं.

तिने आमचा चहा कधी घेतला नाही. तिचं टेबल खिडकीपाशी, एकटं. तिला काहीच नव्हतं, ती माझा पुरावा होती. काल तिच्या ॲप्रनची बाही उसवली म्हणून मावशींनी तिला जवळ बसवून घेतलं, स्वतःच्या पिशवीतून सुई काढली. दोरा मात्र हसरीने ओवून दिला. बाही शिवता शिवता तिच्या घरची विचारपूस केली. पोरीला इथे येऊन पहिल्यांदा कुणी तुझी आई कशी आहे म्हणून विचारलं असेल. आणि आज सकाळी तिने कुपी धरली आणि मान डावीकडे.

मी तिच्यावर ओरडले. ओरडायला नको होतं. "हे कुठून शिकलीस तू?"

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "काही नाही मॅडम," म्हणाली.

सगळ्यांच्या मनात काहीतरी आहे जे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे, असं वाटायला लागलंय. भूत असावं घरात आणि ते फक्त घरमालकिणीला दिसू नये, तसं.

खोलीत आता मी एकटीच धडधाकट. ह्याचा आनंद व्हायला हवा. खरं सांगू का, वहीलाच सांगते, नवीची मान वळलेली बघून भीतीच्या आधी मला आणखी एक गोष्ट वाटली. ती म्हणजे, हिलासुद्धा? मलाच का नाही? असं वाटलं. वेडगळ विचार. पंगतीत आपल्यालाच वाढायचं राहिल्यासारखं वाटलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

देवा, माझ्या चिंगीला झालं.

संध्याकाळी ती टेबलापाशी चित्र रंगवत होती. रंगाचं पाणी गढूळ झालं का ते बघायला तिने ग्लास उचलला, दिव्यासमोर धरला. आणि माझ्या पोरीची मान डावीकडे हिसकली. हनुवटी वर. डोळ्यांची उघडझाप.

माझ्या हातातलं ताट पडलं. ती दचकली, म्हणाली, "काय झालं आई?" आणि मला बघताना पुन्हा तेच.

मी आणलं हे घरी. कपड्यांवरून आणलं, केसांतून आणलं, रोज दारातून आत आल्या आल्या तिला कवेत घेते त्यातून आणलं. मला काही झालं नाही, मी नुसती वाहक, आणि भोगणार माझी लेक. नवरा म्हणतो पोरखेळ आहे. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वर्गात कुणीतरी करत असेल." त्याला ठाऊक नाही. मी त्याला कारखान्याचं काही सांगितलेलंच नाही.

ॲप्रन, टोपी, अंगातले कपडे, सगळं गच्चीत नेऊन साबणाच्या पाण्यात बुडवलं. चिंगीला आज मी जवळ घेतलं नाही. ती दोनदा आली, दोनदा मी मागे सरले. ती न जेवता झोपली.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

रजा. चिंगीला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

सगळं ओकून टाकलं, साहेबांची तंबी गेली खड्ड्यात. कुप्या, साबण, चहा, पुठ्ठे, सफाईवाली, सगळं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान, पण ऐकून घेतलं. चिंगीचे डोळे तपासले, मान तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली, एका रेषेवर चालायला लावलं. मग तिला बाहेरच्या खेळण्यांत पाठवलं आणि मला म्हणाल्या, "मुलीला काहीही झालेलं नाही."

मी म्हटलं, "पण मान—"

"घरात आणखी कोण करतं असं?"

"कोणी नाही."

"नक्की?"

मी चिडले. म्हटलं, "घरात आम्ही तिघं. नवऱ्याची मान बैलासारखी आहे. उरले मी. मला काही नाही, खोलीत मीच एकटी आहे जिला काही नाही."

मग त्यांनी टेबलावरची औषधाची छोटी बाटली माझ्यापुढे धरली. "ह्याच्यावर काय लिहिलंय वाचा बरं."

मी बाटली घेतली. उजेडाकडे केली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आहात तशाच राहा. हलू नका." आणि हात धुवायच्या बेसिनवरचा आरसा काढून त्यांनी माझ्यासमोर धरला.

आरशात एक बाई होती. तिची मान डावीकडे वळलेली, हनुवटी वर. उजवा डोळा पुढे काढून ती बाटलीकडे बघत होती. मावशींसारखी. अगदी मावशी.

"तुम्ही इथे आल्यापासून करताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलं ज्याच्यावर जीव टाकतात त्याचं उचलतात. मुद्दाम नाही, त्यांना पत्ताही नसतो. मोठी माणसंही तेच करतात. ज्याच्या जवळ जावंसं वाटतं, त्याच्यासारखं बसतो, त्याच्यासारखं हसतो. जिथे आपण एकटे पडलोय असं वाटतं, तिथे तर जास्तच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोटोवाला, नवरा, नवी. सगळ्यांना दिसत होतं.

बाहेर येऊन मी चिंगीला उचललं. आठ वर्षांची घोडी, उचलवत नाही, तरी उचललं. कालचं ती विसरली नव्हती. "आई, तुला माझी भीती वाटते का?" म्हणाली. मी म्हटलं, नाही गं राणी, माझीच वाटत होती.

घरी येऊन आधी रडले. मग हसले. मग एकदम गार पडले. सगळ्यांनी मावशींचं उचललं, ठीक. पण मावशींनी कुणाचं उचललं?

२६ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्यांच्या आधी गेले. मावशींच्या खुर्चीत बसले. त्यांची खुर्ची ओळीच्या डाव्या टोकाला आहे. पूर्वी त्या मधोमध बसायच्या. गेल्या थंडीत त्यांनी जागा बदलून मागितली होती, भिंतीकडची बरी म्हणून. तिथे बसलं की डाव्या हाताला फक्त भिंत. सगळी माणसं उजवीकडे.

दिवा लावला, कुपी धरली. आणि या वेळी जाणूनबुजून मान डावीकडे वळवली. ह्या वळलेल्या मानेचा उपयोग काय, एवढंच बघायचं होतं. काही कळेना. मग डावा डोळा मिटला.

कुपी नेमकी उजव्या डोळ्यासमोर होती.

मान सरळ केली, डावा मिटलेलाच. कुपीची डावी बाजू नाकाआड गेली. पुन्हा मान वळवली, दिसली. बाकावर सांडलेला चहा. दाराची चौकट. हसरीने ओवलेला दोरा. सुटलेल्या कुप्या.

कुपी ट्रेमध्ये परत ठेवली. वायूची वाटली नव्हती इतकी भीती वाटली. मावशींना डाव्या डोळ्याने दिसत नाही. आणि त्या कुप्या तपासत आहेत. आणि त्या कुप्या माणसांना टोचतात. आणि मी, जिला डोळ्यात तेल घालून बघायचा पगार मिळतो, मी सगळं बघितलं, लिहूनसुद्धा ठेवलं, आणि थर्मास तपासायला पाठवला.

त्या आल्या तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत होते. खोलीत दोघीच. मी डावीकडून गेले असते तर त्यांना कळलंच नसतं, म्हणून समोरून गेले.

"मावशी, डावा डोळा कधीपासून?"

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. नाही म्हणतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग आता सगळ्यांसमोर सांगणार? की आधी अजून थोडी नक्कल करून दाखवणार?"

"नक्कल?"

"मी आंधळी झालेय, खुळी नाही," त्या म्हणाल्या. "पोरी माझ्यासमोर माना वेळावतात. माझ्याच हाताचा चहा पिऊन. ती हसरी, ती लांबी, काल आलेली ती नवी. जिने सुरू केलं तिचंच बघून शिकणार ना त्या. तुम्ही सुरू केलंत मॅडम. इथे माझ्या शेजारी बसत होता तेव्हा, सगळ्यांच्या आधी. मला वाटायचं, हिला कळलंय. मला चिडवते, घाबरवते. मग तुम्हाला बढती मिळाली. मी म्हटलं, हिने साहेबांना सांगितलं असणार. म्हातारीचा डोळा गेलाय, मला करा."

म्हणून मॅडम. एवढे महिने, म्हणून मॅडम.

"मावशी, मला माहीतच नव्हतं. मी करते हेच मला काल कळलं. माझी चिंगी करते. तिने तर तुम्हाला बघितलंही नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बघायला मान वळवली. माझीही वळली, मी थांबवायला गेले तोवर वळून झाली होती. ते त्यांनी बघितलं. मला वाटतं, माझा शब्द नाही, तेच त्यांना पटलं.

खुर्चीत बसल्या आणि रडल्या. म्हणाल्या, डोळा गेल्याचं कळलं तेव्हापासून एक रात्र धड झोपलेले नाही. सांगितलं तर काम जाणार, नाही सांगितलं तर कुणाच्या लेकराच्या दंडात काय जाणार. रोज ठरवते आज सांगते, आणि रोज मानेला झटका देऊन ट्रे पुरा करते. "आपल्याच लेकराला टोचणार आहेत असं मी तुला शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि मीच."

"उजवा दाखवलात का कुणाला?"

"भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांना सांगितलं. मावशी बरोबर आल्या, मी नको म्हणत असतानाही. मावशींच्या हातून गेलेला, गोदामात असलेला सगळा माल अडवला. जो बाहेर गेला तो परत मागवणार. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं आणि बघताना माझीही भुवई त्यांच्यासारखी चढल्याचं जाणवलं. आता सगळीकडे हेच दिसतंय.

मला लेखी समज मिळाली. मावशींना तपासणीतून काढलं. घरी पाठवणार की खालच्या मजल्यावर खोकी बांधायला ठेवणार ते "बघू" म्हणाले. खोलीचं पण "बघू"च.

खोलीत येऊन हसरीला, लांबीला, नवीला सगळं खरं सांगितलं. हसरीचा विश्वासच बसेना. "आम्ही? आम्ही मावशींसारखं करतो?" मान डावीकडे करूनच विचारलं बयेने.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

आधी मावशींच्या डोळ्यांचा निकाल लिहिते, नाहीतर जीव थाऱ्यावर यायचा नाही. डावा गेला. काचबिंदू, आत दाब वाढून डोळा विझत जातो, दुखत नाही म्हणून कळत नाही. उजव्यातही सुरू झालाय, पण थोडा. रोज थेंब घातले तर राहील. "राहील" असंच म्हणाले डॉक्टर, "राहू शकेल" नाही. मी दोनदा विचारून घेतलं. तरी भीती आहेच. थेंब विसरल्या तर? दाब ऐकलाच नाही तर? मी त्यांच्या घरी जाऊन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून येणार आहे.

हे सगळं नंतरचं. आधी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. मी त्यांच्या उजवीकडे, म्हणजे दिसेन. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक. दोघी तो बघत होतो. मावशींचे हात बर्फासारखे गार. जाऊ या परत, म्हणाल्या एकदा. मी म्हटलं, मीही घाबरलेय, दोघी मिळून घाबरू.

आतून नर्स आली, हातात थेंबांची बाटली. आमच्यासमोर उभी राहिली. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, पुन्हा पहिलीकडे.

"दोघींपैकी पेशंट कोण?" म्हणाली.

मी मान सरळ करायला गेले. मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, राहू दे म्हणाल्यासारखा.

"मी," त्या म्हणाल्या. "हिला काही झालेलं नाही. ही माझी पोरगी आहे, हिने माझं उचललंय."

मग त्या उठल्या. मी त्यांचा डावा हात धरला, आणि दाराची चौकट आली तेव्हा त्यांना सांगितलं.